10 दिवसांचा साठा

घरून कुणी पाहुणे आले की इथे पोर्तुगालमध्ये, लिस्बनच्या बायशा भागात फिरताना एक प्रकार ठरलेला असतो. कुणीतरी शेजारून चालत हळूच विचारतो, "हशीश? कोकेन?" पाहुणे दचकतात. मुठीतला तो 'माल' बऱ्याचदा दाबून बसवलेलं तमालपत्र असतं! ड्रग्ज विकतच नाही म्हटल्यावर पोलिसांनाही त्याला धरणं कठीण. मग रात्री जेवताना प्रश्न येतोच, "तुमच्याकडे ड्रग्ज सगळी कायदेशीर आहेत म्हणे?"

नाही हो. विकणाऱ्याला आजही तुरुंग आहे. 1 जुलै 2001 पासून बदललं ते इतकंच, की स्वतःपुरता साधारण 10 दिवसांचा साठा सापडला तर फौजदारी खटला होत नाही. हेरॉइन 1 ग्रॅम, कोकेन 2 ग्रॅम, असा तो हिशेब. माल मात्र जप्त होतो आणि माणसाला तिघांच्या आयोगापुढे जावं लागतं. त्यात एक कायद्याचा जाणकार, बाकीचे दोघे आरोग्य, मानसशास्त्र, समाजकार्य अशा क्षेत्रांतले. काळा झगा नाही, पिंजरा नाही. हा अधूनमधून घेणारा आहे की व्यसनात अडकलेला, हे ते आधी बघतात. अडकलेल्याला पैशांचा दंड करता येत नाही, आणि तो उपचाराला तयार झाला तर प्रकरण थांबवून ठेवतात.

नव्वदच्या दशकात इथे शंभरातला एक माणूस हेरॉइनवर होता असं सांगतात. काझाल व्हेंतोझु ही वस्ती तर त्यासाठी युरोपभर बदनाम होती. चांगल्या घरांतली मुलंही त्यात होती, म्हणून राजकारणी हलले असं मला वाटतं. तेव्हाचे पंतप्रधान गुटेरेस यांच्या सरकारने तज्ज्ञांची समिती नेमली, त्यात जुआंव गुलांव हे डॉक्टर होते. कायदा झाला तेव्हा न्यायमंत्री होते आंतोनियो कोस्ता, म्हणजे गोव्यातल्या मडगावच्या घराण्यातले, घरच्यांचे लाडके 'बाबुश'.

पण नुसत्या कायद्याने काही झालं नसतं. मेथाडोन, म्हणजे हेरॉइनऐवजी उपचार म्हणून दिलं जाणारं औषध, देणाऱ्या गाड्या वस्त्यांत जात होत्या, स्वच्छ सुया मिळत होत्या, उपचाराला जागा होती. सुयांमधून होणाऱ्या एचआयव्हीचे नवे रुग्ण तेव्हा वर्षाला हजाराच्या घरात होते, ते पुढे काही डझनांवर आले. 2012 मध्ये काटकसरीच्या नावाखाली व्यसनांसाठीची स्वतंत्र संस्था मोडली आणि उपचार प्रादेशिक आरोग्य यंत्रणांकडे ढकलले. आता पोर्तू शहरात उघड्यावरच्या नशेबद्दल लोक वैतागलेत, आणि शिव्या बसतात त्या 2001 च्या कायद्याला. अमेरिकेत ऑरेगन राज्यानेही 2020 साली स्वतःपुरती ड्रग्ज बाळगण्याची शिक्षा काढली, उपचारांची सोय मात्र मागे राहिली. 2024 मध्ये तो गुन्हा पुन्हा लागू झाला.

आपल्या भारतातल्या 1985 च्या अमली पदार्थविरोधी एनडीपीएस कायद्यातही कलम 64अ आहे. स्वतःहून उपचार घेणाऱ्या व्यसनी माणसाला त्यात खटल्यातून सूट आहे. फक्त तिथे आधी आरोप, मग दवाखाना.