आजीची बरणी दोनदा फुटली

हळदीकुंकवाला, लग्नाच्या पंगतीत, मुलुंडच्या भाजीवाल्यासमोर कोथिंबिरीची जुडी हातात असताना, कुठेही हा प्रश्न येतो. ‘मधली दोन वर्षं कुठल्याच दिवाळी अंकात दिसला नाहीत. आणि आता परत लिहिताय, तर नोकरी सांभाळून वेळ कसा काढता हो?’ मी आजवर ‘आईचं आजारपण होतं’ असं सांगत आले. आजारपण होतं, खोटं नाही. पण ते चार महिन्यांत आटोपलं. बाकीच्या वीस महिन्यांचं कारण एक पोस्टकार्ड आहे. तुम्ही विचारलंत म्हणून आज सांगून टाकते.

मे महिन्यात अंकवाल्यांचे फोन सुरू होतात. ‘विषय काय घेऊ?’ ‘तुम्ही लिहाल तो. दोन हजार शब्द, जुलैअखेर.’ काशीनाथ रघुनाथ मित्रांनी मुंबईतून १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लिहिणाऱ्यांचा पावसाळा याच धांदलीत जात असणार. त्या वर्षी मी सात जणांना हो म्हटलं. नाही म्हणण्याचं धैर्य नव्हतं आणि सात अंकांत नाव छापून येण्याचा मोह होता. सातांपैकी पाच लेख आठवणींचे. भाजी वेगळी, फोडणी तीच.

फेब्रुवारीत एका संपादकांनी माझ्या नावानं आलेलं कार्ड पुढे पाठवलं. परळच्या एक बाई. त्यांच्या वाचनालयात दिवाळी अंकांची योजना असते, एकदा पैसे भरायचे आणि उन्हाळ्यापर्यंत अंक बदलून आणायचे. असा वाचक फार धोक्याचा. तो एकच अंक विकत घेत नाही, सगळे वाचतो. बाईंनी लिहिलं होतं : ‘आपल्या आजींनी एका अंकात लोणच्याची बरणी आजोबांवरच्या रागाने आपटून फोडली. दुसऱ्या अंकात तीच बरणी तार आली तेव्हा हातातून निसटली. मला दोन्ही वेळा रडू आले. त्यातले एक परत घ्यावे म्हणते. कोणते, ते कृपया कळवावे.’

मी हसले. नवऱ्याला वाचून दाखवलं, तो जरा जास्तच वेळ हसला. रात्री मात्र झोप लागेना. आठवणींना तिखटमीठ सगळेच लावतात, त्याची मला लाज नव्हती. घाबरले ती वेगळ्याच कारणानं. कोणतं रडू परत घ्यायचं ते बाईंना कळवावं म्हणून आठवू लागले, तर मलाच आठवेना. दोन्ही प्रसंग इतके मन लावून लिहिले होते की खरा कोणता तेच पुसलं गेलं होतं.

मे महिन्यात फोन आले तेव्हा ‘यंदा नको’ म्हटलं. पुढच्या वर्षी फोनही कमी आले. मैत्रिणींनी उपाय सुचवले, कोकणात जा, विपश्यनेला जा. मी वही घेऊन चार दिवस अलिबागला जाऊन आले. वहीत परतीच्या बोटीची वेळ आणि पांढऱ्या कांद्याचा भाव एवढंच उतरलं. (कांदे मात्र उत्तम होते.)

घरी माळा आवरताना चपलांच्या खोक्यात वाचकांची जुनी पत्रं सापडली. सत्तेचाळीस. मी एकालाही उत्तर दिलेलं नव्हतं. ‘वाचकांचा लोभ आहे’ असं भाषणात म्हणायची आणि लोभ खोक्यात घालून माळ्यावर टाकायची. ऑफिस फोर्टात असल्यानं दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत जीपीओत गेले. विजापूरच्या गोलघुमटाची आठवण करून देणाऱ्या त्या घुमटाखाली गेलं की आपोआप आवाज खाली येतो. खिडकीवर ‘वीस कार्डं द्या’ म्हटलं. एकूण दहा रुपये. पन्नास पैशांत अजून काही मिळतं याचंच मला नवल वाटलं, आणि माझं नवल खिडकीपलीकडच्या माणसाला वाटलं असावं. ‘स्पर्धेला पाठवताय का?’ त्यानं विचारलं.

आता वेळेचं. वेळ मी काढला नाही, गाडी बदलली. पूर्वी संध्याकाळी सीएसएमटीहून फास्ट पकडायची आणि लोंबकळत घरी. आता एक स्लो सोडून देते आणि दुसरीत खिडकी धरते. मुलुंडपर्यंत मध्ये सोळा स्टेशनं. घरी पोचायला अर्धा-पाऊण तास उशीर होतो, कुकर नवरा लावतो आणि दर बुधवारी आमटीत मीठ विसरतो. डब्याचं झाकण मांडीवर उलटं ठेवायचं, त्यावर कार्ड. मशीद ते भायखळा अक्षर बरं येतं, दादरला धक्क्यानं पेन घसरतं, कुर्ल्याला गर्दीनं हातच हलत नाही, तेव्हा खिडकीबाहेर पाहायचं. शेजारची मेथी निवडता निवडता डोकावते. ‘कोणाला लिहिता?’ ‘वाचकांना.’ ‘ओळखीचे?’ ‘नाही.’ तिनं काड्या पिशवीत टाकल्या आणि थोडी सरकून बसली.

पोस्टकार्डावर माझ्या अक्षरात सव्वाशे शब्द मावतात. सव्वाशे शब्दांत फोडणी घालायला जागाच नसते. शिवाय वर नाव, गल्ली, पिनकोड लिहावा लागतो. ‘वाचक’ म्हणून मी इतकी वर्षं ज्या गर्दीकडे बघून लिहीत होते, ती एकदम नाहीशी होऊन परळ ४०००१२ उरलं. त्या पत्त्यावरच्या माणसाला बरणीची थाप मारता येत नाही. सत्तेचाळीसपैकी नऊ कार्डं परत आली. एकावर पोस्टमननं निळ्या पेनानं ‘मयत’ लिहिलं होतं. पत्र सहा वर्षांपूर्वीचं होतं. त्या काकांनी माझ्या एका लेखातल्या नदीचं नाव चुकलंय एवढंच कळवलं होतं, आणि त्यांचं बरोबर होतं. ते कार्ड मी अजून पर्समधून काढलेलं नाही.

परळच्या बाईंचं कार्ड मी मुद्दाम शेवटी ठेवलं होतं, कारण आधी उत्तर मिळवायला हवं होतं. एका रविवारी डोंबिवलीला मावशीकडे गेले. ‘मावशी, आजीची बरणी नक्की कशी फुटली गं?’

‘कुठली बरणी?’

‘लोणच्याची. चिनी मातीची.’

‘फुटली कशाला? गॅसच्या खाली बघ.’

गॅसच्या ओट्याखाली आजीची बरणी धडधाकट उभी होती. वरचा भाग तपकिरी, खाली मळकट पांढरी. आत दुधाच्या रिकाम्या पिशव्या कोंबलेल्या. मी जमिनीवर बसूनच ती मांडीवर घेतली. लिहिताना माझी बरणी दोन्ही वेळा कमरेएवढी होती. ही जेमतेम गुडघ्याला लागली. आजी ती बाहेरून राखेनं पुसायची, मावशी म्हणाली, आणि कोणाला हात लावू द्यायची नाही. रागही नाही, तारही नाही. तिथे मी तासभर काहीबाही विचारत बसले. कित्येक वर्षांत मावशीला इतकं काही विचारलंच नव्हतं, आधी सगळं मला माहीतच असायचं ना.

त्या संध्याकाळी परतीच्या गाडीत बाईंना लिहिलं : ‘दोन्ही रडणी परत घ्यावीत. बरणी शाबूत आहे.’

यंदा एकाच अंकाला लेख दिलाय, दोन हजारांऐवजी नऊशे शब्दांचा. संपादक थोडे खट्टू झाले. लेख बरणीवर नाही, कारण बाईंचं उत्तर गेल्या आठवड्यात आलं : ‘आनंद झाला. झाकण मूळचेच आहे का?’

झाकण मी पाहिलंच नाही. रविवारी पुन्हा डोंबिवलीला जाते.