काफ्काचं नाव कुठे लावायचं

शनिवारच्या पुरवणीचं पान लागत होतं. एका नव्या नाटकाचं परीक्षण आलं होतं. लिहिणारी मुलगी हुशार, नाटक दोनदा बघितल्याशिवाय न लिहिणारी. पण पहिल्याच परिच्छेदात 'काफ्काएस्क' होतं, म्हणजे लेखक फ्रान्झ काफ्काच्या गोष्टींत शोभेल असं. कशाला? तर नायक एका दाखल्यासाठी तलाठ्याकडे खेटे घालतो आणि साहेब जागेवर नसतात. मी तिला डेस्कवर बोलावून घेतलं.

"सर, सगळेच लिहितात असं."

लिहितात, आणि त्याचाच मला राग येतो. फाईल अडकली की लावलं काफ्काचं आडनाव! हा माणूस कचेरीला लांबून नावं ठेवणारा नव्हता. कायदा शिकलेला, १९०८ ते १९२२ प्रागच्या कामगार अपघात विमा संस्थेत नोकरीला. रंधा मारायच्या यंत्रात कामगारांची बोटं तुटत. चौकोनी शाफ्ट काढून गोल बसवा, म्हणजे बोट तुटण्याऐवजी जखमेवर निभावेल, हे त्याने अहवालात आकृत्यांसकट समजावून दिलं होतं. कचेरी माणसाची बोटं वाचवू शकते हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्याची भीती वेगळीच होती.

कपाटातून 'द ट्रायल' काढली. काफ्का १९२४ मध्ये गेला, ही कादंबरी पुढच्या वर्षी आली. योझेफ के.ला अटक होते, आरोप कुणी सांगत नाही, वर बँकेत कामाला जायची मुभा. चौकशी रविवारी, एवढाच निरोप. वेळ दिलेलीच नाही. नऊला जायचं हे तो स्वतःच ठरवतो, जिने चढत जागा शोधतो, आणि पोचल्यावर ऐकून घेतो की तुम्ही एक तास पाच मिनिटं आधी यायला हवं होतं. वेळ ठरवली यानेच, उशिराचा ठपकाही याच्यावरच!

तिने उभ्याउभ्याच ते पान वाचलं. "म्हणजे पैसे चारून काम होतं, ते यात बसत नाही?"

"नाही. तिथे निदान कुणाला किती द्यायचे ते माहीत असतं."

"मग सर, दुसरा अंक! कुणी मागितलेलं नसताना तो घरी बसून स्वतःविरुद्धचे कागद जमवतो, बायकोला साक्षीला उभी करतो."

परीक्षणात या प्रवेशाला जेमतेम एक ओळ होती. पान सोडायला तासभर होता. तिने तिथेच बसून त्यावर सविस्तर लिहिलं आणि काफ्काला तिकडे नेलं. तलाठ्याच्या प्रवेशाला नुसते 'हेलपाटे' म्हटलं. मजकूर वाढला, म्हणून फोटो एका कॉलमने लहान केला.