औषधाच्या चिठ्ठीऐवजी शनिवारची सकाळ

इथे ब्रिटनमध्ये जीपीकडून, म्हणजे फॅमिली डॉक्टरकडून, बाहेर पडले तेव्हा हातात औषधाची चिठ्ठी नव्हती आणि मला त्याचाच राग आला होता. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर, ४४ आलं होतं, आपल्याकडच्या हिशेबाने ६.२ टक्के. मधुमेह नाही, पण उंबरठ्यावर. आईला होता, मामाला होता, म्हणून गोळी सुरू करायची मनाची तयारी करूनच गेले होते. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आमची लिंक वर्कर तुम्हाला फोन करेल." लिंक वर्कर म्हणजे दवाखान्यातर्फे माणसांना आसपासच्या उपक्रमांशी जोडून देणारी व्यक्ती.

तीन आठवडे फोन आला नाही. भावाला मी तावातावाने सांगितलं, आपल्याकडे डॉक्टर निदान त्याच दिवशी काहीतरी लिहून देतात.

मग फोन आला आणि तो चाळीस मिनिटं चालला. वजन, साखर याबद्दल तिने जेमतेम विचारलं. घरी कोण असतं, कुठला दिवस रिकामा जातो, एकटीने बाहेर पडायला संकोच वाटतो का, लहानपणी काय खेळायला आवडायचं? मी म्हटलं, खो-खो. तिला तो माहीत नव्हता. पाटीवर कसं बसायचं, खो कसा द्यायचा, हे मी तिला समजावून सांगितलं, आणि सांगता सांगता माझा गळा भरून आला. शेवटचं कधी धावले होते, तेच आठवेना.

तिने आमच्या पार्कातली पार्करन सुचवली. दर शनिवारी सकाळी नऊला सगळ्यांबरोबर पाच किलोमीटर धावायचं, फुकट. चाललं तरी चालतं.

पहिल्या शनिवारी मी गेलेच नाही. सोमवारी तिचा पुन्हा फोन: "का जमलं नाही?" आवाजात दोष देणं नव्हतं, खरोखरची चौकशी होती. "चालत जा" असं मला आजवर किती डॉक्टरांनी सांगितलं असेल! पण गेलीस का, असं कुणी विचारलं नव्हतं. मी आळशी नव्हते, हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. नोकरी, मुलं, आईचं आजारपण यात माझ्यासाठी वेळ काढणारं कुणी नव्हतं आणि मीही काढला नाही. आपल्याकडे फुटपाथ कुठे आहेत, असं मी म्हणत आले. पण इथे हाकेच्या अंतरावर पार्क असूनही नऊ वर्षं मी त्यात पाऊल टाकलं नव्हतं. जागा होती, बोलावणारं माणूस नव्हतं.

दुसऱ्या शनिवारी गेले. सगळ्यांच्या मागे चमकदार जाकीट घातलेला एक स्वयंसेवक असतो, टेल वॉकर. शेवटचा नंबर कायम त्याचा, म्हणजे आपण कधीच शेवटचे येत नाही. एक तास चार मिनिटं लागली. तो माझ्या बरोबरीने चालला, घाई केली नाही.

ही पार्करन २००४ साली लंडनच्या बुशी पार्कमध्ये १३ धावपटूंनी सुरू झाली. २०१८ मध्ये रॉयल कॉलेज ऑफ जनरल प्रॅक्टिशनर्स या जीपींच्या संस्थेने तिच्याशी हात मिळवला आणि दवाखाने आपापल्या जवळच्या पार्करनशी जोडले जाऊ लागले. पुढच्याच वर्षीच्या एनएचएसच्या, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेच्या, आराखड्यात लिंक वर्करची भरती आली. पण कल्पना त्याहून कितीतरी जुनी. दक्षिण लंडनच्या पेकहॅममध्ये जॉर्ज स्कॉट विल्यमसन आणि इनेस पिअर्स या डॉक्टरांनी १९३५ मध्ये एक इमारत उभी केली: मधोमध पोहण्याचा तलाव, व्यायामशाळा, उपाहारगृह, आणि त्याच छताखाली तपासणीच्या खोल्या. सभासदत्व एकट्याला नाही, अख्ख्या कुटुंबाला, आठवड्याला एक शिलिंग. आजारी पडायच्या आधीच माणसं भेटावीत म्हणून हा खटाटोप. १९५० मध्ये ते केंद्र बंद पडलं. नव्या एनएचएसच्या चौकटीत ते बसेना. आता तिथे फ्लॅट आहेत. मी मुद्दाम जाऊन पाहिली ती इमारत, बराच वेळ समोर उभी राहिले.

आपल्याकडे हे नव्हतं असं मात्र कुणी म्हणू नये. हास्यक्लब मुंबईच्या बागेत १९९५ साली एका डॉक्टरनेच, मदन कटारियांनी, सुरू केला आणि तो तिथून जगभर गेला. गावोगावच्या तालमी तर कितीतरी जुन्या. पण त्या तालमीत मला, एका मुलीला, कुणी पाठवलं नसतं. आणि बागेतल्या हास्यक्लबाचा पत्ता आमच्या कुठल्याच दवाखान्यात मिळाला नाही. बाग एकीकडे, दवाखाना दुसरीकडे, मधला तो एक फोन नाही. याची खंत आहे.

इथलंही सगळं गोड नाही. आमच्या भागातला पोहण्याचा तलाव पैशाअभावी बंद झाला. गुडघे दुखणाऱ्यांना पाण्यात पाठवायचं, तर लिंक वर्करकडे आता दोन बस बदलून जायचा पत्ता आहे.

गेल्या शनिवारी टेल वॉकरचं जाकीट मी घातलं होतं. एक गृहस्थ तिसऱ्या किलोमीटरला बाकावर बसले, म्हणाले, तुम्ही व्हा पुढे. मी शेजारी बसले. चार-पाच मिनिटांनी ते उठले.