विहिरीची मोटर आणि जनरेटर : माझा अनुभव

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड आणि दापोली-मंडणगडच्या पट्ट्याला झोडपून गेले, तेव्हा आमच्या वाडीतले विजेचे खांब आडवे झाले आणि घरात वीज परत यायला सव्वा महिना लागला. घरी इन्व्हर्टर होता, पण त्याची १५० अँपिअर-तासांची बॅटरी पहिल्याच रात्री उतरली आणि पुन्हा भरायला वीजच नव्हती. विहीर भरलेली असूनही पाणी दोरी-कळशीने ओढावे लागले. आईच्या इन्सुलिनच्या कुप्या २ ते ८ अंशांत ठेवायच्या असतात. त्या शेजारच्या गावातल्या एका दवाखान्याच्या फ्रिजमध्ये नेऊन ठेवल्या. पुढच्या मे महिन्यात तौक्ते वादळाने पुन्हा पाच दिवस अंधार केला, आणि जनरेटर घ्यायचाच असे आम्ही ठरवले.

छतावरच्या सौर पॅनेलचाही विचार केला होता. परंतु बॅटरी नसलेली, लाइनला जोडलेली सौर यंत्रणा लाइन गेली की सुरक्षेसाठी आपोआप बंद होते, हे अनेकांना पॅनेल बसवल्यावरच कळते. पेट्रोलवरचा छोटा जनरेटर घ्यायचा हे त्यामुळे लवकर ठरले. अडले ते पुढे, आणि त्याचा राग अजून मनातून गेलेला नाही.

तालुक्याच्या एका दुकानात मी एकच प्रश्न विचारला होता : विहिरीवरची एक एचपीची मोटर यावर चालेल का? “साहेब, अख्खं घर चालेल, डोळे झाकून घेऊन जा,” असे उत्तर मिळाले. खोक्यावर मोठ्या अक्षरांत २.१ केव्हीए (जनरेटर किती भार पेलतो त्याचे माप) छापलेले होते. घरी आणून दिवे आणि पंखे लावले, ते उत्तम चालले. मोटरचे बटण दाबले तेव्हा मात्र जनरेटरचा आवाज एकदम दबला, दिवे पिवळे पडले, मोटर न फिरता नुसती घुमत राहिली आणि जनरेटरचा ब्रेकर पडला. बाकी सगळे बंद करून तीनदा प्रयत्न केला, तरी तेच झाले.

दुकानदार म्हणाले, मोटरमध्ये दोष आहे. मोटर काढून रिवाइंडिंगवाल्याकडे नेली. त्याने ती तपासून ठणठणीत असल्याचे सांगितले. मग वायरिंगमध्ये दोष असल्याचे सांगण्यात आले. शेवटी आमच्या वायरमनने लाइनच्या विजेवर मोटर लावून तारेभोवती प्रवाह मोजणारा क्लॅम्प मीटर धरला. चालू मोटर ७ अँपिअर घेत होती, पण बटण दाबल्याच्या क्षणी आकडा ३१ वर जाऊन खाली आला. जनरेटरच्या मागच्या छोट्या पट्टीवर ‘रेटेड १.७ केव्हीए’ असे लिहिलेले होते, म्हणजे २३० व्होल्टला जेमतेम सात-साडेसात अँपिअर. खोक्यावरचा मोठा आकडा कमाल क्षमतेचा होता, जी फार थोडा वेळच मिळते. मीटरच्या आकड्याचा फोटो घेऊन दुकानात गेलो, तेव्हा पेट्रोल घातलेले मशीन परत घेत नाही, हा नवा नियम ऐकायला मिळाला. एकूण सहा आठवडे आणि पाच खेपा झाल्या. पाचव्या खेपेला वायरमनही माझ्यासोबत आला आणि त्याने मोटर सुरू होताना ओढते तो प्रवाह सर्वांसमोर आकडे मांडून समजावला, तेव्हा कुठे थोडी कपात करून बदली द्यायला ते तयार झाले. उरलेले पैसे देण्याआधी ५ केव्हीएचे मशीन माझ्या पडवीत आणून माझीच मोटर त्यावर चालवून दाखवावी, अशी अट मी घातली, आणि ती त्यांनी मान्य केली. मोटर पहिल्याच दाबाला फिरली आणि टाकीत पाणी पडू लागले, तेव्हा आईने आतून विचारले, “आली का लाइट?” त्या क्षणाचे समाधान मला अजून आठवते.

म्हणून जनरेटर घ्यायला जाण्याआधी आपल्या मोटरचा सुरुवातीचा प्रवाह मोजून घ्या, आणि वापरताना आधी मोटर सुरू करून मग बाकीचा भार टाका. आम्ही सकाळी दोन-अडीच तास जनरेटर लावतो. तेवढ्यात टाकी भरते, फ्रिज गार होतो आणि इन्व्हर्टर बराच भरतो. इन्व्हर्टर जनरेटरची वीज घेत नसेल, तर त्याचे बटण चुकून यूपीएस मोडवर राहिलेले नाही ना, ते पाहावे. आमचे तसेच होते. पेट्रोल ताशी साधारण दीड लिटर लागते, त्यामुळे दिवसभर चालवणे परवडत नाही.

चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे घराला एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणाऱ्या स्विचशिवाय, जोडणी अजिबात करू नये. जनरेटरची वीज उलटी लाइनवर गेली, तर खांबावर चढलेल्या लाइनमनचा जीव जाऊ शकतो. मशीनही पडवीत ठेवायचे नाही. धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो, म्हणून आम्ही ते परसात, खिडक्यांपासून लांब, चारही बाजूंनी मोकळ्या पत्र्याखाली ठेवले आहे. पावसाळा संपला की पेट्रोलचा कॉक बंद करून इंजिन आपोआप थांबेपर्यंत चालवतो, म्हणजे कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साचून राहत नाही.