न जळलेलं लाकूड

खोली उबदार ठेवायच्या, धुराड्याच्या लाकडी शेगडीला, म्हणजे लाकूड जाळायच्या शेगडीला, काचेचं दार असेल तर एक गंमत दिसते. ज्वाळा लाकडाला चिकटलेली नसते, दोघांच्या मध्ये बारीकशी फट असते. तापलेल्या लाकडातून वायू सुटतो आणि आपण बघत बसतो तो जाळ या वायूचा असतो. कोरड्या लाकडाचा साधारण तीन चतुर्थांश भाग असा वायू होऊनच निघून जातो, मागे राहतो कोळसा. हा वायू पुरता जळायला 600 अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते आणि वर भरपूर हवा. यातलं काही कमी पडलं की तो तसाच धुराड्याची वाट धरतो. धूर म्हणतात तो हाच. ज्या लाकडासाठी आपण कुऱ्हाड चालवली, ते न जळताच आभाळात चाललेलं असतं.

हे एकदा डोक्यात बसलं की नवशिक्याच्या बाकीच्या अडचणी आपोआप सुटायला लागतात. सगळ्यात मोठी अडचण ओलाव्याची. नुकत्याच तोडलेल्या लाकडात निम्मं वजन पाण्याचं असू शकतं. म्हणजे दोन किलोच्या ओंडक्यात लिटरभर पाणी! आधी ते उकळून उडणार, मग शेगडी तापणार. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात, पण शेगडीत नेमकं उलटं होतं, ओलं सुक्यालाही विझवतं. ओलावा 20 टक्क्यांच्या खाली हवा. ओलावा मोजायचं यंत्र असेल तर ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूला टोचावं, कारण बाहेरची बाजू नेहमीच खोटं बोलते. यंत्र नसेल तर दोन फोडी एकमेकींवर आपटून बघाव्यात. वाळलेल्या लाकडाचा आवाज खणखणीत येतो, ओल्याचा बद्द. टोकांना पडलेल्या भेगाही दिसतात, पण त्यांच्यावर मी फारसा भरवसा ठेवत नाही. ओंडक्याचं तोंड लवकर वाळतं, पोट नाही.

पेटवण्याची पद्धत मात्र पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला थट्टाच वाटली. जाड फोडी खाली, त्यांवर बारीक ढलप्या, सगळ्यात वर काटक्या, आणि काडी लावायची ती वरच्या काटक्यांना. शेकोटीच्या अगदी उलट! पण जाळ वर असला की खालच्या लाकडातून सुटणारा वायू त्या जाळातूनच वर जातो आणि जाता जाता जळतो. शिवाय धुराडं लवकर तापतं. थंड धुराड्यात जड गार हवा बसलेली असते, ती धूर वर घेत नाही, खोलीत ढकलते. धुराडं तापलं की ओढ धरतं. सुरुवातीला हवेची झडप पूर्ण उघडी ठेवायची, लाकूड नीट पेटलं की थोडी थोडी आवळायची. जाळ सुस्तावून नारिंगी, धुरकट झाला तर झडप आवळण्याची घाई झाली असं समजावं.

घाईपेक्षा वाईट खोड म्हणजे काटकसर. रात्री शेगडी गच्च भरायची, हवा बंद करायची आणि सकाळपर्यंत ती धुमसत ठेवायची, ही युक्ती नव्या माणसाला कोणीतरी हमखास शिकवतंच. त्याने लाकूड वाचल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात वायू न जळता धुराड्यात चढतो आणि थंड भिंतींवर डांबरासारखा चिकट थर होऊन बसतो. तो थर पुढे कधीतरी पेटला तर धुराड्यातच आग लागते. धुमसत्या आगीतून कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायूही जास्त निघतो, त्याला वास नसतो. असल्या घरात त्याचा अलार्म हवाच. काच काळी व्हायला लागली तर आधी लाकूड तपासावं, मग झडप.

तेव्हा रात्री शेगडी विझू द्यावी. थोडं लाकूड घालावं, ते जोरात जळू द्यावं, निखारे पडले की मगच पुढचं घालावं. राखही सगळी खरवडून काढू नये. लाकडाची आग बोटभर राखेच्या थरावर चांगली टिकते, निखारे त्यात दबून राहतात. सकाळी राख उकरली की एखादा लालबुंद सापडतोच, आणि नाही सापडला तर काटक्या कोरड्या असल्या म्हणजे झालं.