तुम्ही विचारलंत म्हणून: एवढं पाणी त्या जोडावर राहतं कसं?

ऐरोलीच्या घरी मी स्वतः जोडलेला माशांचा टँक आहे, अ‍ॅक्रिलिकचा, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या शीटचा. कुणीही आलं की त्याच्यासमोर उभं राहून हेच विचारतं. "काचेच्या टँकला निदान सिलिकॉन तरी दिसतं, याला काहीच नाही. सुटला तर?"

दिसत नाही, कारण तिथे चिकटवलेलं काही नाहीच. सिलिकॉन अ‍ॅक्रिलिकला नीट धरत नाही. साइनबोर्डवाले वापरतात तेच क्लोरोफॉर्म मी वापरलं. सिरिंजने फटीत सोडलं की ते आपोआप पसरतं, दोन्ही शीट किंचित विरघळवतं आणि उडून जातं. मागे उरतं ते नुसतं अ‍ॅक्रिलिक, एकजीव झालेलं. याची वाफ मात्र घातक. काम गॅलरीत करावं, मुलांना लांब ठेवावं. कापडी मास्कने ही वाफ अडत नाही.

म्हणजे खरी मेहनत कडेवर. रबाळे एमआयडीसीत शीट कापून घेताना मी राउटरचाच, म्हणजे फिरत्या पात्याने कापणाऱ्या यंत्राचाच, आग्रह धरला. लेझरने कापलेली कड चकचकीत दिसते, पण उष्णतेचा ताण तिच्यात राहतो आणि क्लोरोफॉर्म लागलं की केसाएवढे तडे जाऊ शकतात. राउटरची कड मग सपाट फळीवर पॉलिश पेपर लावून घासायची, उभी शीट आडवीवर पूर्ण टेकेपर्यंत. जिथे टेकत नाही तिथे बुडबुडे राहतात आणि जोड कच्चा होतो. शीट कास्टच, म्हणजे साच्यात ओतून केलेली, घ्यावी; एक्स्ट्रूडेड, म्हणजे यंत्रातून दाबून काढलेली, स्वस्त मिळते, पण तडे तिलाच लवकर जातात.

माझा टँक 60 सेंटिमीटर लांब, 30 रुंद, 30 उंच. काठोकाठ भरला तर 54 लिटर, म्हणजे 54 किलो पाणी. 8 मिलिमीटरच्या शीटचं स्वतःचं वजन जेमतेम सात किलो. अ‍ॅक्रिलिक काचेपेक्षा फार लवचिक, भिंती बाहेर फुगतात, म्हणून वर चारही बाजूंनी आडव्या पट्ट्यांची चौकट जोडली आहे. तळाखाली अखंड, सपाट प्लाय.

चरे काचेपेक्षा लवकर पडतात, हे खरंच. शेवाळ मऊ कापडाने पुसायचं. ब्लेड किंवा हिरवी घासणी लावायची नाही. तरीही मी अ‍ॅक्रिलिकच घेईन. कोपऱ्यावर सिलिकॉनची रेघ नसते, मासा वळताना डोळ्यांसमोरून हरवत नाही.

दोन फूट उंचीचा करू का, असंही काहीजण विचारतात. घरी नको. पाण्याचा दाब उंचीने वाढतो, लांबीने नाही. करायचाच तर लांब करा.