पांढऱ्या पेशी कमी निघाल्या तेव्हा : माझा अनुभव

रक्तातील पांढऱ्या पेशी कमी असलेली माणसे समाजात किती असतात, हा प्रश्न मला स्वतःहून कधी पडला नसता. हर्नियाच्या शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासण्यांमुळे तो माझ्यासमोर आला. साखर नियंत्रणात होती, क्रिएटिनिन, ईसीजी आणि छातीचा एक्स-रे ठीक होते. अडला तो फक्त सीबीसी, म्हणजे रक्तातील पेशींची मोजणी. एकूण पांढऱ्या पेशी ३,४००, आणि प्रयोगशाळेने छापलेली मर्यादा ४,००० ते ११,०००. भूलतज्ज्ञांनी फिजिशियनचे मत घेऊन यावे असे केसपेपरवर लिहिले आणि शस्त्रक्रियेची तारीख तूर्त पुढे गेली.

पावसाळा नुकताच सरला होता. गोव्यातल्या डिचोलीसारख्या गावात त्या दिवसांत रक्तातले काही कमी झाले असे सांगितले की ऐकणाऱ्याच्या मनात पहिल्यांदा डेंग्यूच येतो, आणि त्यामुळे पपईच्या पानांचा रस, गुळवेलीचा काढा यांचे सल्ले न मागता घरपोच आले. डेंग्यूचा संशय अगदीच अनाठायी नव्हता, कारण त्या तापात प्लेटलेटबरोबर पांढऱ्या पेशीही उतरतात आणि ताप ओसरल्यावर पुन्हा वर येतात. टायफॉइड आणि अनेक साध्या विषाणुजन्य तापांतही असेच होते. मला मात्र ताप आलाच नव्हता आणि प्लेटलेट दोन लाखांच्या वर होत्या. पपईचा रस प्लेटलेटसाठी सुचवला जातो, त्याचा माझ्या आकड्याशी काय संबंध, हे सांगणाऱ्यालाही सांगता आले नसते. मी तो घेतला नाही.

फिजिशियनांनी सर्वप्रथम चाचणी पुन्हा करायला लावली, आणि तीही काही अटींसह. नमुना त्याच प्रयोगशाळेत जाऊन द्यायचा, घरी येऊन रक्त नेणाऱ्याकडे नाही. कारण जांभळ्या झाकणाच्या नळीतील रक्त फार वेळ तसेच राहिले तर पेशी खराब होऊ लागतात आणि यंत्राची मोजणी बिघडू शकते. यंत्राच्या आकड्यावर न थांबता काचपट्टीवर रक्त पसरून पॅथॉलॉजिस्टने सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचे, म्हणजेच पेरिफेरल स्मिअर करायचा. या वेळी आकडा ३,२०० आला. दुसऱ्या एका ठिकाणी केलेल्या तिसऱ्या चाचणीचा रिपोर्ट ‘३.७’ असा छापलेला होता आणि तो वाचून माझ्या पत्नीचा चेहरा उतरला. प्रत्यक्षात तिथे एकक हजारांत दिले होते, म्हणजे तो आकडा ३,७०० होता. ज्यांच्या घरी दोन वेगळ्या प्रयोगशाळांचे रिपोर्ट आहेत त्यांनी आकड्याशेजारचे बारीक अक्षरातले एकक आधी वाचावे, एवढे मी आता सर्वांना सांगतो.

एकूण आकड्याकडे डॉक्टरांनी फारसे लक्ष दिले नाही, हे मला सुरुवातीला खटकले होते. ते थेट खालच्या ओळींकडे गेले, जिथे न्यूट्रोफिल, लिम्फोसाइट वगैरेंची टक्केवारी असते. पांढऱ्या पेशी हा एक गट आहे आणि त्यातील कोणती पेशी कमी आहे यावर सगळे अवलंबून असते, असे त्यांनी समजावले. जंतूंशी पहिला सामना न्यूट्रोफिल करतात, म्हणून एकूण संख्येला त्यांच्या टक्केवारीने गुणून जो आकडा येतो, ज्याला डॉक्टर मंडळी एएनसी म्हणतात, तो महत्त्वाचा. ३,२०० पैकी ४४ टक्के म्हणजे १,४०८. प्रौढांमध्ये १,५००च्या खाली गेले की न्यूट्रोफिल कमी आहेत असे म्हणतात. १,००० ते १,५०० ही सौम्य पायरी, ५०० ते १,००० मध्यम, आणि ५००च्या खाली गंभीर, जिथे साधा तापसुद्धा तातडीची बाब ठरतो. माझा आकडा पहिल्या रेषेच्या किंचित खाली होता आणि तिसऱ्या चाचणीत, ३,७०० पैकी ४५ टक्के धरून, १,६६५ म्हणजे रेषेच्या वर. एकाच माणसाचा आकडा एवढा हलतो कसा, असे मी विचारले. रक्तात फिरणाऱ्या न्यूट्रोफिलपैकी जवळपास निम्म्या कोणत्याही क्षणी रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून असतात आणि सुईतून येणाऱ्या रक्तात मोजल्या जात नाहीत. व्यायाम, ताण, दिवसाची वेळ, धूम्रपान यांनी हा वाटा बदलतो. शिवाय अस्थिमज्जा, म्हणजे हाडांच्या आतला रक्तपेशी बनवणारा मऊ भाग, रोज सुमारे दहा हजार कोटी न्यूट्रोफिल तयार करते आणि त्यांतील बऱ्याच तिथेच राखीव असतात. “म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात गर्दी कमी दिसली म्हणून बार्देशात माणसे कमी झाली असे आपण म्हणत नाही,” एवढे बोलून ते पुढच्या प्रश्नाकडे वळले.

पुढचे प्रश्न लांबलचक होते आणि ते सगळे का विचारले जात आहेत हे कळल्यामुळे मला त्यांचा कंटाळा आला नाही. थायरॉइडसाठी कार्बिमाझोल घेता का, सांधेदुखीसाठी मेथोट्रेक्सेट, फिटची गोळी, अलीकडे एखादे अँटिबायोटिक, कोणा वैद्याची पुडी? या औषधांपैकी काही पांढऱ्या पेशी घटवू शकतात, आणि पुडीत काय आहे हे घेणाऱ्यालाही माहीत नसते. दारू किती, हेही विचारले. गोव्यात हा प्रश्न विचारताना डॉक्टरांना संकोच नसतो आणि उत्तर देणाऱ्यालाही नसावा, कारण नियमित जास्त दारू अस्थिमज्जेचे काम मंदावते. तोंडात वारंवार फोड येतात का, वजन घटले का, रात्री घाम येतो का, गाठी लागतात का, वर्षातून किती वेळा जंतुसंसर्ग होतो? माझी सगळी उत्तरे नकारार्थी होती. मधुमेहासाठी मी बरीच वर्षे मेटफॉर्मिन घेतो, एवढीच नोंद त्यांनी अधोरेखित केली, कारण दीर्घकाळ ती गोळी घेणाऱ्यांत बी-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते आणि बी-१२च्या अभावी लाल, पांढऱ्या आणि प्लेटलेट अशा तिन्ही प्रकारच्या पेशी घटू शकतात. श्रावण सोडला तर आमच्या घरी मासळीचा खंड नसतो, तरीही त्यांनी ती चाचणी करायला लावली. बी-१२ आणि फॉलिक आम्ल पुरेसे निघाले. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी व सी, थायरॉइड आणि ल्युपससाठीची (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटण्याचा आजार) एएनए चाचणी, सारे सामान्य. प्लीहा वाढली तर ती पेशी अडवून ठेवते, म्हणून पोटाची सोनोग्राफी झाली. प्लीहा नेहमीच्या आकाराची होती. स्मिअरमध्ये एकही अपरिपक्व किंवा विचित्र पेशी नव्हती.

या सगळ्या खर्चिक चाचण्यांपेक्षा अधिक उपयोगी ठरली ती घरातली एक जुनी फाइल. डॉक्टरांनी आधीचे रिपोर्ट मागितले होते. पत्नीने मधुमेहाचे सर्व कागद वर्षवार लावून ठेवलेले असल्याने ते लगेच सापडले, आणि त्यांत २०१६ मध्ये ३,८०० तर २०१९ मध्ये ३,४०० असे आकडे होते. त्या वेळी कोणी त्यांची दखल घेतली नव्हती. सौम्य घट काही महिन्यांत खाली घसरत गेली असती तर तिचा अर्थ वेगळा झाला असता. इतकी वर्षे तीच घट त्याच जागी आहे आणि हिमोग्लोबिन व प्लेटलेट अबाधित आहेत, याचा अर्थ बहुधा हेच या शरीराचे नेहमीचे मान आहे.

तरीही मनाच्या समाधानासाठी मी बांबोळीला गोमेकॉच्या (गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या) मेडिसिन ओपीडीत दाखवले. तिथल्या तरुण डॉक्टरांना मी सरळ विचारले की माझ्यासारखे किती असतात. उत्तराची सुरुवात त्यांनी मर्यादा कशा ठरतात इथून केली. निरोगी लोकांचे आकडे क्रमाने मांडून मधल्या ९५ टक्क्यांना ‘सामान्य’ म्हणण्याची रीत आहे; म्हणजे खालचे अडीच टक्के लोक निरोगी असूनही व्याख्येनेच रेषेबाहेर पडतात. शंभर धडधाकट माणसांच्या सीबीसीत दोन-तीन जणांच्या पांढऱ्या पेशींच्या आकड्यापुढे ‘कमी’ अशी खूण येणार, हे गृहीतच आहे. एकमेकांशी संबंध नसलेल्या वीस चाचण्या एकत्र केल्या तर पूर्ण निरोगी माणसाच्याही किमान एका आकड्यावर खूण येण्याची शक्यता ६४ टक्के होते. ठरावीक रकमेत साठ-सत्तर चाचण्या देणाऱ्या पॅकेजच्या जाहिरातींत हे कुठे छापलेले नसते.

व्याख्या सोडून प्रत्यक्ष पाहणी करायची तर वंश विचारात घ्यावा लागतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य सर्वेक्षणातील १९९९ ते २००४ या काळातील पंचवीस हजारांहून अधिक लोकांच्या रक्तावर आधारित एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात न्यूट्रोफिल १,५००च्या खाली असणारे कृष्णवर्णीयांत ४.५ टक्के होते, गोऱ्यांत सुमारे ०.८ टक्के आणि मेक्सिकन वंशाच्या लोकांत ०.४ टक्क्यांच्या आसपास. आफ्रिकी आणि काही अरब समाजांत हे प्रमाण जास्त असण्यामागे मुख्यत्वे लाल पेशींवरील ‘डफी’ प्रथिनाचा अभाव आहे. ज्यांच्या लाल पेशींवर हे प्रथिन नसते त्यांच्या रक्तात न्यूट्रोफिल कमी दिसतात, पण त्यांना जंतुसंसर्ग जास्त होत नाही. उलट गोव्यात हिवतापाचे जे रुग्ण सापडतात त्यांत प्रामुख्याने आढळणाऱ्या व्हायवॅक्स परजीवीपासून त्यांना बरेच संरक्षण मिळते. भारतीयांत असे लोक विरळच, त्यामुळे माझ्या बाबतीत ते कारण धरता येत नव्हते. गोऱ्या लोकसंख्येवर बेतलेली रेषा दुसऱ्यांना लावल्याने कित्येक निरोगी माणसांना वर्षानुवर्षे आजारी समजले गेले, काहींची आवश्यक औषधे कमी केली गेली, हे ऐकून रिपोर्टावरच्या त्या ठळक खुणेबद्दलचा माझा आदर बराच कमी झाला.

अस्थिमज्जेची तपासणी लागेल का, ही माझी खरी भीती होती. तिची गरज नाही असे गोमेकॉतल्या डॉक्टरांनी सांगितले आणि ती कधी लागली असती तेही सांगितले : लाल पेशी किंवा प्लेटलेटही सोबत घटल्या असत्या, स्मिअरमध्ये ब्लास्ट, म्हणजे अगदी अपरिपक्व, पेशी दिसल्या असत्या, प्लीहा वा गाठी वाढल्या असत्या, किंवा एएनसी १,०००च्या खाली जाऊन तिथेच राहिला असता.

फिजिशियनांनी फिटनेसच्या पत्रात ‘दीर्घकालीन, स्थिर, सौम्य घट, शस्त्रक्रियेस हरकत नाही’ असे लिहिले आणि शस्त्रक्रिया निर्विघ्न पार पडली. दुसऱ्या दिवशीच्या सीबीसीत पांढऱ्या पेशी ९,२०० होत्या आणि त्यांत न्यूट्रोफिल ८० टक्के. शस्त्रक्रियेच्या ताणाला अस्थिमज्जेने राखीव साठा बाहेर काढून प्रतिसाद दिला होता, म्हणजे साठा होता. त्या रिपोर्टावर एकूण आकड्यापुढे कोणतीही खूण नव्हती. टाके काढल्यानंतर काही आठवड्यांनी आकडा पुन्हा ३,६०० वर आला.

आता वर्षातून एकदा, ताप-सर्दी नसताना, सीबीसी करायचा आणि १००.४ अंशांपेक्षा जास्त ताप आला तर घरी गोळी घेऊन थांबायचे नाही, असे ठरले आहे. नेहमीचा आकडा ३,२०० ते ३,८०० असतो, हे डॉक्टरांच्या सहीनिशी फाइलच्या पहिल्या पानावर लावले आहे. माझ्या मुलीच्या वेर्ण्याच्या कंपनीतील तपासणीत तिच्या पेशी ३,९०० निघाल्या तेव्हा तिने मला फोन केला. मी तिला आधी न्यूट्रोफिलची टक्केवारी आणि मागील वर्षाचा रिपोर्ट पाठवायला सांगितले.